खाज सुटली तरी नख नको!

रात्रीचे दोन-अडीच वाजले असतील. पंखा घरघरत होता, तरी त्यातूनही मला दुसराच एक आवाज ऐकू आला. उंदीर काहीतरी कुरतडतोय, असा. दिवा लावला तर उंदीर कुठला! आमचे हे गाढ झोपेत, आणि उजवा हात थेट डोक्यावर. मी तो हात इतक्या जोरात धरला की हे दचकून उठूनच बसले. म्हणाले, "काय झालं? चोर आला का?"

"चोर तुमच्याच हाताला आहे," मी म्हटलं.

मैत्रिणींनो, हसू नका. त्या डोक्यावर पाचच दिवसांपूर्वी दोन हजारांच्या आसपास केसांची रोपं लावून आणली होती, आणि त्यापायी एका नव्या स्कूटरचे पैसे मोजले होते. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे दोन ठिपके पाहिले तेव्हा मला त्या स्कूटरचं एक चाक निखळल्यासारखं वाटलं!

हेअर ट्रान्सप्लांट, म्हणजे केसरोपण, आता फक्त सिनेमातल्या लोकांचं राहिलेलं नाही. आपल्या सातारा-सांगलीकडची पुरुषमंडळी पुण्याला जाऊन गुपचूप करून येतात आणि ऑफिसात "ताप आला होता" म्हणून सांगतात. ऑपरेशन एका दिवसात उरकतं. संध्याकाळी डॉक्टर हातात एक कागद देतात, आणि तिथून पुढे डोकं त्यांचं, पहारा मात्र आपला! त्या कागदावर सगळं असतं. पण "खाज येऊ शकते, खाजवू नये" ह्या चार शब्दांत जे उरकलेलं असतं, ते घरी आल्यावर किती छळतं, हे ज्या घरात घडलं त्याच घराला ठाऊक. म्हणून हा लेखनप्रपंच.

खाज सुटते तरी का?

आधी हे पाहू या की डोक्यावर होतं काय. डोक्याच्या मागच्या बाजूच्या पट्ट्यातले केस सहसा टक्कल पडलं तरी टिकून राहतात. तिथलं एकेक मूळ उचलून पुढे लावलं, तरी ते आपला मागचा टिकाऊ स्वभाव सोडत नाही. जपानमध्ये डॉ. ओकुदा ह्यांनी १९३९ साली अशा रोपणाबद्दल लिहून ठेवलं होतं, आणि न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख ह्यांनी १९५२ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी ते पहिल्यांदा करून पाहिलं. आता यंत्रं बारीक झाली, पण तत्त्व तेच. डॉक्टर ज्याला ग्राफ्ट म्हणतात, त्याला आपण रोप म्हणू. एका रोपात एक ते चार केस असतात.

म्हणजे मागे दोन हजार बारीक भोकं, आणि पुढे दोन हजार बारीक छेद. प्रत्येकावर खपली धरते. आपल्या मुलाचं गुडघ्याचं खरचटलेलं बरं होताना त्याचा हात कसा सारखा तिथे जातो? तसंच हे, फक्त दोन हजार पटींनी! जखम भरताना त्वचेत हिस्टॅमिन नावाचं द्रव्य सुटतं, त्याने कंड सुटतो. खपल्या वाळल्या की कातडी ओढली जाते. त्यात कापल्या गेलेल्या बारीक नसा पुन्हा जुळू लागतात, तेव्हा मुंग्या येतात, चुरचुरतं. आमच्याकडे तर पुढच्यापेक्षा मागचीच जागा, जिथून केस काढले ती, जास्त खाजायची. थोडक्यात, पहिल्या दोन आठवड्यांतली साधी खाज बहुधा बरं होण्याचीच असते. तिला घाबरू नका. घाबरायचं ते नखांना.

पहिले दहा दिवस

शेतात भाताची लावणी झाल्यावर पहिले काही दिवस रोप नुसतं चिखलात उभं असतं. ओढलं तर अलगद हातात येतं. मग मूळ धरतं, आणि नंतर उपटायचं म्हटलं तरी जोर लागतो. इथेही तसंच आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला होता. त्यांनी लावलेले केस आणि खपल्या दररोज मुद्दाम ओढून पाहिल्या. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी रोप निघून येई. चिकटलेली खपली ओढली, तर पाचव्या दिवसापर्यंत प्रत्येक वेळी रोप गेलंच. पुढे धोका कमी होत गेला, आणि नवव्या दिवसानंतर रोप निघेनासं झालं. म्हणजे आमच्या ह्यांनी नख लावलं ती पाचवी रात्र ऐन धोक्याची होती! दोन रोपं गेली. ती परत बसवायचा प्रयत्न करायचा नसतो बरं का. स्वच्छ गॉजचा तुकडा हलकाच टेकवून धरायचा आणि सकाळी डॉक्टरांना कळवायचं. मी तेच केलं.

खाज शमवायचं पहिलं औषध म्हणजे ओलावा. केमिस्टकडे नॉर्मल सलाईन, म्हणजे खारं निर्जंतुक पाणी मिळतं. ते फवाऱ्याच्या स्वच्छ बाटलीत भरून लावलेल्या जागेवर लांबून धुक्यासारखं उडवायचं. आम्हाला पहिले चार दिवस, जाग असेल तोवर दर दोन तासांनी, असं सांगितलं होतं. तुमचे डॉक्टर जे सांगतील ते पाळा. पण मिठाचं पाणी घरी कालवायला बसू नका. स्वयंपाकातला अंदाज इथे चालत नाही.

दुसरं औषध म्हणजे धुणं, आणि इथे माझी एक चूक झाली ती सांगते. पहिली धुलाई तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच झाली. पुढे घरी रोज करायची होती. मी इतकी घाबरलेली, की रोप हलेल म्हणून दोन थेंब पाणी शिंपडायची आणि झालं म्हणायची. परिणाम? सहाव्या-सातव्या दिवशी खपल्या जाड, काळ्या, कडक झाल्या आणि खाज दुप्पट. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार जपलंत!" मग त्यांनी फोनवरच व्हिडिओ लावून नीट दाखवलं. ते असं.

बाळांचा शॅम्पू वाटीभर पाण्यात घालून फेस करायचा. माणसाला खुर्चीवर बसवायचं. तळहातावर फेस घेऊन लावलेल्या जागेवर नुसता ठेवायचा. चोळायचं नाही, फिरवायचंही नाही. पाचेक मिनिटं तसंच राहू द्यायचं. मग कोमट पाणी तांब्यातून अगदी जवळून, हळू धारेने सोडायचं. शॉवर नको, नळाची धार तर मुळीच नको. पाणी किती ऊन आहे ते आपल्या कोपराने बघायचं, त्यांना विचारायचं नाही. कारण ती जागा कित्येक आठवडे बधिर असते, भाजलं तरी कळत नाही. त्याच कारणाने केस वाळवायचं यंत्रही नको. मागची जागा मऊ पंचाने टिपायची. पुढची वाऱ्यावर वाळू द्यायची.

आठव्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितलं की फेस दहा मिनिटं मुरू द्या आणि मग बोटांच्या मऊ पेरांनी, आंब्याची कोय न दुखावता साल पुसावी तसं, हलकं गोल फिरवा. नख लागता कामा नये. खपल्या आपोआप सुटून पाण्याबरोबर वाहू लागल्या. बाराव्या दिवशी डोकं स्वच्छ झालं आणि खाज निम्म्याहून कमी! दोन आठवडे होऊनही खपल्या तशाच असतील, तर ओढू नका, दाखवून या.

रात्रीचा पहारा

दिवसा माणूस मन आवरतो. हात चुकतो तो झोपेत. आमच्याकडे काय काय केलं ते सांगते.

पहिल्याच दिवशी नखं अगदी मुळापर्यंत कापली. चिरंजीवांच्या शाळेच्या बँडचे पांढरे सुती हातमोजे होते, ते धुऊन ह्यांच्या हातात घातले. हे फार चिडले. म्हणाले, "मी काय बिगुल वाजवायला झोपतोय?" पण घातले. पाठीला दोन-तीन उश्या लावून, मानेभोवती प्रवासातली गोल उशी घालून अर्धवट बसून झोपायचं, म्हणजे डोकं घासत नाही आणि सूजही कमी येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ आणि डोळ्यांभोवती सूज उतरली तर दचकू नका. बहुतेकांची दोन-तीन दिवसांत ओसरते. अभ्रे रोज बदला. पंख्याचा थेट झोत डोक्यावर घेऊ नका, कातडी वाळते.

फारच कंड सुटला तर गार पाण्यात पिळलेली घडी कपाळावर किंवा मानेवर ठेवायची, लावलेल्या जागेवर नाही. बर्फ तर तिथे अजिबात नको. डॉक्टर रात्रीसाठी सेटिरिझिनसारखी खाजेची गोळी देतात. विचारून घ्यावी, मात्र तिने सुस्ती येते, सकाळी लगेच गाडी चालवू देऊ नका. गाडीवरून आठवलं: हेल्मेट पहिले दहा-पंधरा दिवस घालता येत नाही. त्याचा अर्थ बिनहेल्मेट जायचं असा नाही, दुचाकीच बंद! आणि पुण्याहून मोटारीने परतताना खंबाटकीच्या वळणांवर आणि दारातून उतरताना टपावर डोकं आपटणार नाही एवढं बघा. शेजारच्या सीटवर बसून मी सारा वेळ हात छत्रीसारखा धरला होता.

स्वयंपाकघरातले वैद्य

आता खरा अवघड भाग. शत्रूचा बंदोबस्त करता येतो हो, मायेचा कसा करायचा?

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी खोबरेल कोमट केलं होतं. "डोकं कसं कोरडं ठणठणीत दिसतंय, खाजणार नाही तर काय!" शेजारच्या काकू कोरफड घेऊन आल्या. माझ्या आईने फोनवर कांद्याचा रस सांगितला. कोणी लिंबू-दही, कोणी कडुनिंबाचा पाला, कोणी हळद. सगळ्यांचं म्हणणं मनापासूनचं. पण विचार करा, हे दोन हजार उघडे छेद आहेत. लिंबू आणि कांदा तिथे आग करतात. कुंडीतली कोरफड कापली की पिवळा चीक येतो, त्याने कित्येकींच्या धड कातडीलाही खाज उठते. वाटलेला पाला आणि डब्यातली हळद निर्जंतुक नसते. जंतुनाशक म्हणून डेटॉल लावू पाहणारेही आहेत, तेही नको. तेलाने खपल्यांवर धूळ बसते आणि छिद्रं बुजतात. काही डॉक्टर आठवड्यानंतर खपली मऊ करायला थोडं तेल सांगतात, हे खरं. पण ते त्यांनी डोकं पाहून सांगायचं, आपण नव्हे.

आमचं ऑपरेशन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झालं होतं. म्हणजे नरकचतुर्दशी आली अठराव्या दिवशी! आणि आमच्या डॉक्टरांनी डोक्याला तेल महिनाभर बंद सांगितलेलं. पहाटे पाट मांडला, रांगोळी घातली, सासूबाई वाटी घेऊन उभ्या. ह्यांना जन्मापासून एकाही दिवाळीला त्यांनी टाळूवर तेल घातल्याशिवाय सोडलेलं नाही. "मूठभर तेलाने काय होतंय?" म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मला काही बोलवेना. मग हेच म्हणाले, "आई, ह्या वर्षी पायापासून सुरू कर." त्यांनी पायाला, पाठीला, हाताला भरपूर तेल चोळलं, कानाच्या पाळीला एक थेंब लावला, आणि डोक्यावरून वाटी नुसती ओवाळली. उटणंही मानेखालीच. तेव्हा तुमच्याकडे तारीख ठरवायची असेल तर कॅलेंडर समोर घेऊन बसा. दिवाळी, घरातलं लग्न, रंगपंचमी ह्यांच्या आधी निदान महिना-दीड महिना मोकळा ठेवा. रंगांची तर अशा डोक्याशी गाठच नको.

ही खाज वेगळी

तीन आठवड्यांनी लावलेले केस गळू लागतात. मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. उशीवर केस पाहून रडूच कोसळलं. पण तो गळतो तो नुसता केस, मूळ आत राहतं. केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला तरी रक्त नसेल तर काळजी नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस डोकावतात आणि पूर्ण रूप यायला वर्ष लागतं.

ह्या मधल्या काळात खाज पुन्हा सुटते, आणि ह्या वेळी मी फसले. तिसऱ्या महिन्यात ह्यांच्या डोक्यावर पुरळ उठला. नवा केस कातडीतून वर येताना एखाददुसरी पुळी येते, ती कोमट पाण्याच्या घडीने बसते. मी दवाखान्यात फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली, "नॉर्मल आहे मॅडम." मीही मान डोलावली, उष्णता झाली म्हटलं, सब्जाचं पाणी आणि गुलकंद सुरू केला! बारा दिवस गेले. पुळ्या सात-आठ झाल्या, ठणकू लागल्या, दोनांतून पू आला. तेव्हा फोटो काढून थेट डॉक्टरांना पाठवला, तर त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. केसांच्या मुळांना जंतुसंसर्ग झाला होता. गोळ्या, मलम, पंधरा दिवस. बरं झालं सगळं; पण उजवीकडे रुपयाएवढी जागा आजही विरळ आहे. हे काही बोलत नाहीत, भांग त्या बाजूने पाडत नाहीत इतकंच. मला मात्र ती जागा रोज दिसते.

म्हणून सांगते, फोनवरच्या "नॉर्मल"वर विसंबू नका. दुखणं चौथ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढतंय, लाली पसरतेय, पू किंवा घाण वास येतोय, ताप आलाय, लावलेली जागा काळपट पडतेय, पुळ्या वाढताहेत, ह्यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनाच दाखवा, त्याच दिवशी. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर पुण्याच्या डॉक्टरांची वाटही पाहू नका. जवळचं इस्पितळ गाठा.

आणखी एक प्रकार माझ्या मावसबहिणीकडे झाला. तिच्या यजमानांना महिन्यानंतर मिनॉक्सिडिलचं पातळ औषध लावायला दिलं, आणि लावलं की खाज, पापुद्रे. कोंडा समजून ती शॅम्पू बदलत बसली. शेवटी कळलं, त्या औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव असतो, तो काहींना सोसत नाही. डॉक्टरांनी तेच औषध फेसाच्या रूपात दिलं, ज्यात तो द्रव नसतो, आणि खाज थांबली. कोंडाही असतोच काहींना. पण त्याचा औषधी शॅम्पू कधी सुरू करायचा तेही विचारूनच.

अजून ऑपरेशन व्हायचंच असेल, तर करणारं कोण आहे ते आधी विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितलं आहे की केसरोपण ही प्रशिक्षित डॉक्टरांनी करायची शस्त्रक्रिया आहे, आणि कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून घेतलेलं शिक्षण त्याला पुरेसं नाही. नंतर खाज सुटली की फोन कोण उचलणार, हेही त्याच वेळी विचारून टाका. आणि हो, हे सगळं फक्त पुरुषांचं नाही. वर्षानुवर्षं घट्ट अंबाडा, ओढून वेणी घालून कपाळावरचे केस मागे गेलेल्या बायकाही आता हे करून घेतात. त्यांना लांब केसांतून खपल्या धुणं आणखी कठीण. तिथे धुवायला दुसरं माणूस हवंच. नवऱ्यांनो, हा परिच्छेद तुम्ही वाचा!

आता आमच्याकडे नऊ महिने होत आले. केस आलेत, छान आलेत. पण परवा आरशासमोर हे एकदम थबकले. मागून आणलेल्या केसांत पाच-सहा पांढरे निघाले! लगेच काळ्या मेंदीची पुडी घेऊन आले. मी ती काढून घेतली. काळ्या मेंदीत आणि कलपात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि ज्यांना त्याचं वावडं असतं त्यांच्या डोक्याला अशी खाज आणि सूज येते की विचारू नका. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लावा, पण आधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबा."

ठिपका काल रात्री लावलाय. हातमोजे मी कपाटातून काढून ठेवलेत.